निळी भिंत आणि क्रीम रंगाचा ठराव

पत्र :

जुळे सोलापुरात आमची ३६ रो-हाउसची सोसायटी आहे. सासरे हयातभर जेकार्ड मागावर चादरी विणायचे. ते गेल्यावर यंदा मेच्या सुट्टीत मी आणि मुलांनी घराची पुढची भिंत गडद निळी रंगवली. त्यांच्या चादरीला असायचा तसा हळदी काठही काढला. बाकीची ३५ घरं क्रीम आहेत. पहिल्या आठवड्यात येऊन सगळे फोटो काढून गेले. आता चेअरमननी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंय : आठ दिवसांत क्रीम करा, नाहीतर रोज २०० रुपये दंड आणि टँकरच्या यादीतून नाव कमी. शेजारच्या काकू म्हणतात, निळा रंग आमच्या खांबावर आलाय. बायका म्हणतात, भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. खाली पांढरी पावडरही सुटायला लागलीय. सासूबाईंचं एकच, ‘चार लोकांत राहायचंय, पुसून टाक की.’ माझ्या घराचा रंग दुसऱ्यांनी का ठरवायचा? संविधानात स्वातंत्र्य आहे ना? कायद्यानं लढू का रंग पुसू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, आधी काकूंच्या खांबाचं बघा. बाकी सगळ्या मुद्द्यांवर तुमच्या बाजूनं काही ना काही बोलता येतं, या एकावर येत नाही. रो-हाउसमध्ये दोन घरांच्या मधला खांब किंवा भिंत सामाईक असते, आणि त्यावर दोन इंच रंग जरी पलीकडे गेला तरी तक्रार खरी ठरते. उद्या सभेत पहिला हात काकूंचाच वर जाईल. म्हणून सभेआधी, नोटिशीच्या उत्तराआधी, हे उरकून घ्या.

काकूंना विचारून त्यांच्या क्रीम रंगाचा नाण्याएवढा पापुद्रा काढा आणि टिंटिंग मशीन असलेल्या रंगाच्या दुकानात न्या. डोळ्यानं जुळवलेला क्रीम कधी जुळत नाही. उन्हात राहिलेला रंग डब्यातल्या रंगापेक्षा फिका झालेला असतो. निळ्यावर थेट क्रीम मारू नका, खालून निळसर झाक मारते. हलका पॉलिश पेपर, प्राइमरचा एक हात, मग क्रीमचे दोन हात. अर्धा लिटर प्राइमर आणि एक लिटर रंग पुरून उरेल. तेवढाच दोन इंचांचा पट्टा रंगवला तर ठिगळ दिसेल, तेव्हा काकूंच्या बाजूचा खांब वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करून द्या. सीमेवर मास्किंग टेप लावा आणि शेवटचा हात पुरता वाळायच्या आत काढा. पूर्ण वाळल्यावर टेप ओढली की कडेचे टवके निघतात. खर्च तुमचा.

आता पट्टे. हा भाग आम्ही लांबवणार आहोत, कारण तुमच्या भांडणाचा निम्मा जीव त्यात आहे. लोकांना निळा रंग खुपतोय की वाईट लागलेला निळा रंग, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नसावं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो. पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत दुपारी त्याहून कितीतरी जास्त तापते. तापल्या भिंतीवर रोलर फिरवला की रंगातलं पाणी क्षणात उडतं. पुढचा पट्टा ओढेपर्यंत आधीच्याची कड वाळलेली असते, आणि जिथे दोन पट्टे एकमेकांवर चढतात तिथे गडद रेघ उमटते. फिकट रंगात हा दोष लपतो, गडद निळ्यात दहा फुटांवरूनही दिसतो. शिवाय असा घाईनं वाळलेला रंग भिंतीला नीट धरत नाही, वर्षभरात हात लावला तरी पीठ निघायला लागतं.

खालची पांढरी पावडर म्हणजे लोणा. भिंतीत ओल आहे, ती बाहेर येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येते. पायथ्याशी कुंड्या ठेवल्यात का? नळाची गळती? अंगणाचा उतार भिंतीकडे? ओल बंद केल्याशिवाय वरून कितीही हात मारा, लोणा पुन्हा फुटणारच. पावडर कोरड्या ब्रशनं झाडायची. पाण्यानं धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीतच मुरतात.

सध्या पाऊस आहे, तेव्हा भिंतीला हात लावू नका. काकूंचा खांबही चार कोरडे दिवस बघूनच करा. मुख्य काम दसऱ्याच्या पुढे, भिंत कोरडी झाल्यावर. नवा गिलावा कुठे केला असेल तर तो आधी २८ दिवस पाणी मारून आणि वाळून पक्का होऊ द्या. काम सकाळी ऊन भिंतीवर यायच्या आत किंवा ती सावलीत गेल्यावर. प्राइमरचा एक हात, बाहेरच्या भिंतीसाठीच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन, आणि दोन हातांमध्ये चार ते सहा तास. तुमची दर्शनी बाजू १६ बाय २० फूट धरली आणि दार-खिडक्यांचे ६० चौरस फूट वजा केले, तर २६० चौरस फूट उरतात. एक लिटरमध्ये दोन हात मिळून ५० ते ६० चौरस फूट होतात, म्हणजे पाच लिटर रंग लागेल. रोलर नेहमी ओल्या कडेवरून पुढे न्यायचा. एक जण वरून खाली आणि दुसरा बाजूनं असे दोघं मिळून भिंत एका दमात संपवा, मध्ये चहाला थांबू नका.

हळदी काठाचंही सांगतो. तुमच्या सासऱ्यांना ‘पक्का रंग’ आणि ‘कच्चा रंग’ हा फरक समजावून सांगावा लागला नसता. भिंतीच्या रंगातही तो असतो. भडक पिवळे आणि काही लाल रंग उन्हात लवकर उडतात. लोह-ऑक्साइडचे, म्हणजे गेरू आणि पिवळ्या मातीच्या जातीचे रंग वर्षानुवर्षं टिकतात. दुकानात ‘बाहेरच्या उन्हात टिकणारी पिवळी’ असं सांगून मागा. थोडी मातकट मिळेल, पण पुढच्या मेमध्येही ती पिवळीच असेल. निळ्यात ही अडचण कमी येते.

हे सगळं नीट केलं तरी चेअरमन ऐकतीलच असं नाही. म्हणून कायद्याकडे येऊ.

सगळ्यात आधी तुमची ‘सोसायटी’ कोण आहे ते शोधा. आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींना लोक सरसकट सोसायटी म्हणतात. एक, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. नोंदणी प्रमाणपत्रावरच्या क्रमांकात बहुधा ‘एचएसजी’ अशी अक्षरं दिसतात. दुसरी, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट, ज्याचं घोषणापत्र नोंदवलेलं असतं. तिसरं म्हणजे प्लॉट पाडून बांधलेल्या घरांचं नुसतं रहिवासी मंडळ : वर्गणी, गणपती, वॉचमनचा पगार आणि एक शिक्का. तुमचं प्रकरण तिसऱ्यातलं निघालं तर दंडाचा मेसेज म्हणजे विनंती समजा, फक्त जरा आवाज चढवून केलेली. प्रमाणपत्राची प्रत मागितल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, सोलापूर यांच्या कार्यालयात नोंद आहे का ते विचारा.

त्याच वेळी घरातलं खरेदीखत काढा. बिल्डरच्या कागदात ‘दर्शनी भागाच्या स्वरूपात बदल करणार नाही’ असं कलम पुष्कळदा असतं आणि सही करताना ते कुणी वाचत नाही. ते असेल तर तुमची बाजू लंगडी होते. नसेल तर, आणि प्लॉटसकट घर तुमच्या नावावर असेल तर, चांगली भक्कम होते. फ्लॅटवाल्या वाचकांनी मात्र इथे आपलं उदाहरण लावू नये. इमारतीच्या बाहेरच्या भिंती सोसायटीच्या असतात, दुरुस्ती आणि रंग तिच्या खर्चानं होतो, आणि आपल्या बाल्कनीबाहेरचा तुकडा निळा करण्याचा हक्क तिथे नाही. महापालिकेची भीती कुणी घालत असेल तर तीही सोडा. नुसत्या रंगकामाला बांधकाम परवाना लागत नाही.

समजा संस्था सहकारी आहे. मग सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज चार ओळींचा पुरे : ‘दर्शनी भागाच्या रंगाबाबत संस्थेच्या उपविधींमधील तरतूद, त्याबाबत झालेला ठराव, तो ज्या सभेत झाला तिचे इतिवृत्त, आणि दंडाबाबतचा ठराव यांच्या प्रती नियमानुसार शुल्क घेऊन द्याव्यात.’ सभासदाला उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नोंदवलेले नियम, आणि सभांची इतिवृत्तं बघण्याचा हक्क सहकार कायद्यानंच दिला आहे. कागद हातात आले की एकच गोष्ट शोधा : क्रीम रंग कुणी ठरवला?

उपविधीत लिहिलं असेल तर वजन सर्वात जास्त. उपविधी बदलायला सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं आणि बदल निबंधकांकडे नोंदवावा लागतो, तोवर तो लागू होत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर त्यालाही मान द्यावा लागेल. पण नुसत्या कमिटीनं, किंवा चेअरमननी चार जणांशी बोलून, ‘सगळीकडे क्रीमच आहे’ म्हणून धरून चाललेली गोष्ट असेल तर ती नियम नव्हे, रिवाज झाला. बिल्डरनं २० वर्षांपूर्वी घाऊक भावात एकच रंग घेतला आणि पुढे तोच ‘आमच्या सोसायटीचा रंग’ झाला, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

दंडाचा हिशेब तर चेअरमननी स्वतःच बिघडवलाय. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमांप्रमाणे, उपविधी मोडल्याबद्दल दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. त्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि सभासदाचं म्हणणं ऐकावं लागतं. वर मर्यादा आहे : एका आर्थिक वर्षात ५,००० रुपये. रोज २०० म्हटले तर पंचविसाव्या दिवशीच ही मर्यादा गाठली जाते, पुढचे दिवस मोजून उपयोग नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज नोटीस म्हणून धरू नका, पण दुर्लक्षही करू नका. स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. उत्तर ग्रुपवर देऊ नका, रात्री तर मुळीच नाही. कागदावर द्या : ‘मेसेज मिळाला. संबंधित उपविधी व ठरावाच्या प्रती मागितल्या आहेत. त्या मिळाल्यावर उत्तर देईन. सुनावणीस हजर राहण्यास तयार आहे.’

टँकर. पाणी रोज येत नसलेल्या गावात ही धमकी किती बोचते ते कळतं. थकबाकी किंवा दंड वसूल करायची वाट कायद्यात आखून दिली आहे आणि ती निबंधकांच्या दारातून जाते. पाणी बंद करणं ही त्यातली पायरी नाही. पण तुमच्याकडूनही एक चूक होऊ शकते : रागानं मेंटेनन्स थांबवणं. ते करू नका. एकदा थकबाकीदार झालात की रंगाचा विषय मागे पडतो आणि थकबाकीवर व्याज चढतं. आदर्श उपविधींत ते वर्षाला सरळ २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं. पैसे वेळेवर भरा, चेकनं किंवा ऑनलाइन, आणि पावती घ्या. तरीही यादीतून नाव गेलंच तर त्याच दिवशी उपनिबंधकांकडे लेखी तक्रार. ती तक्रार पाण्याचीच करा, त्यात निळ्या रंगाचं पुराण लावू नका.

संविधानाचं विचारलंत. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचे असतात. खासगी गृहनिर्माण संस्थेसमोर त्यांचा पाढा वाचला की वकीलही नुसते मान हलवतात. २००५ साली झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, सभासदत्व पारशी समाजापुरतं ठेवणारा उपविधीसुद्धा वैध धरला होता. सभासद म्हणून आत आलात म्हणजे उपविधी मान्य केलेत, असा त्यामागचा रोख. आम्हाला तो निकाल पटतो असं नाही, पण त्याला वळसा घालून तुम्हाला सल्ला देता येणार नाही. वाद शेवटपर्यंत गेलाच तर तो कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाईल. तिथे तारखा पडतील, फी लागेल, आणि ज्या माणसांविरुद्ध अर्ज करायचा त्यांच्याच गेटमधून रोज स्कूटर काढायची. पाच लिटर रंगासाठी हा सौदा आम्ही सुचवणार नाही.

त्याऐवजी नियमच बदलायला बसा. मात्र त्याआधी चेअरमनना नेमकं काय खातंय ते समजून घ्या. निळ्या भिंतीचं त्यांना फारसं काही नसावं. भीती पुढच्या भिंतीची असते : आज ही निळी, उद्या कुणी पक्षाचे रंग लावेल, परवा कोपऱ्यातलं घर क्लासच्या जाहिरातीनं भरेल, आणि मला कुणालाच नाही म्हणता येणार नाही. ही भीती खोटी नाही, निवडणुकीच्या दिवसांत तर अजिबात नाही. आणि एकसारखेपणाचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वजांचे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत चालतात, त्यात कुणाला गुदमरल्यासारखं होत नाही, कारण तो पोशाख कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर लादलेला नाही. तुमच्याकडे क्रीम रंगावर कधी बसून बोलणंच झालं नाही, असा आमचा अंदाज आहे.

सभेसाठी हा मसुदा घ्या, हवा तसा बदला : ‘दर्शनी भागाचा किमान तीन-चतुर्थांश हिस्सा संस्थेने ठरवलेल्या चार फिकट छटांपैकी एका छटेत असावा. उरलेला एक-चतुर्थांश हिस्सा, दार, ग्रिल व कुंपणभिंतीची आतली बाजू सभासदाच्या पसंतीची राहील. सामाईक खांब व भिंत शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय रंगवू नये. भिंतीवर जाहिरात, राजकीय चिन्ह वा घोषणा नसावी. रंग पाच वर्षांत किमान एकदा द्यावा.’ चौथं वाक्य चेअरमनांची झोप परत आणेल. पाचवं वाक्य तुमच्या फायद्याचं, कारण पोपडे निघालेल्या क्रीम घरांकडे कुणी बोट दाखवत नाही.

हो, यात तुमची पूर्ण निळी भिंत जाते. २६० चौरस फुटांपैकी ६५ तुमचे राहतात. पण पश्चिमेची भिंत असेल तर गडद रंग तिथे तसाही महागात पडतो. गडद पृष्ठभाग जास्त ऊन पितो आणि ते रात्री आतल्या खोलीत उतरतं. फिकट रंगाच्या बाजूनं बोलणारा चेअरमन या मुद्द्यावर बरोबर आहे, त्याला ते माहीत नसलं तरी. दाराभोवती दीड फुटाची निळी चौकट, छज्ज्याखाली निळा पट्टा आणि त्यावर हळदी काठ, एवढं ६५ फुटांत आरामात बसतं. कापडात काठ उठतो तो मधल्या मोकळ्या जागेमुळे, हे चादर विणणाऱ्याच्या घरात आम्ही काय सांगावं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे वेळ आहे. विषय अजेंड्यावर यावा म्हणून आत्ताच लेखी पत्र द्या. या सभेची नोटीस १४ दिवस आधी निघते आणि ‘आयत्या वेळचे विषय’ यात असला ठराव घुसवला की तो टिकत नाही. विषय घेतलाच नाही तर पाचव्या हिश्श्याच्या सभासदांच्या सहीनं विशेष सभा मागता येते. ३६ चा पाचवा हिस्सा ७.२, म्हणजे ८ सह्या, आणि अर्ज दिल्यापासून महिन्यात सभा बोलवावी लागते. दहा-बारा घ्या, एकदोन जण ऐनवेळी ‘आमचं नाव कशाला’ म्हणतातच. गणपूर्तीकडे, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीकडे, लक्ष ठेवा. आदर्श उपविधींत ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यातली कमी असेल ती; तुमच्याकडे २०. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला तेवढे आले नाहीत तर ती रद्दच होते, पुढे ढकलली जात नाही. क्रिकेटची मॅच आणि लग्नाची तारीख बघून दिवस सुचवा.

सह्या कुणाच्या मिळतील? ज्यांच्या घराला रंग देऊन सात-आठ वर्षं झालीत त्यांच्याकडे आधी जा. चार छटांचं शेड-कार्ड बरोबर न्या. माणसाच्या हातात कार्ड दिलं की तो ‘रंग हवा का नको’ हे विसरून ‘यातला कुठला’ यावर येतो. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरी सासूबाईंना पुढे करा. त्यांना ती भाषा येत असेल तर तुमच्या दहा वाक्यांचं काम त्यांच्या दोन वाक्यांत होईल. ‘चार लोकांत राहायचंय’ म्हणतात ना, मग त्या चार लोकांना सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या त्याच आहेत. आणि ही भिंत कुणाच्या आठवणीची आहे ते लोकांना बहुधा ठाऊकच नाही. ते सुनेपेक्षा त्यांच्या तोंडून जाऊ दे.

ठराव आठ-दहा मतांनी पडला, तर भिंतीची फिकट छटा मान्य करा आणि दार, ग्रिल, कुंपणाची आतली बाजू निळी करून घ्या. त्यावर उपविधीत काही लिहिलेलं नसेल तर तिथे कुणाची परवानगी लागत नाही. नावाची पाटी, उंबऱ्याबाहेरची रांगोळी, गेटच्या आतली झाडं, हेही तसंच.

जो रंग शेवटी लागेल त्याचा शेड-कोड, दुकान आणि तारीख मीटरच्या पेटीच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहून ठेवा. डबा गंजतो, पावती हरवते, आणि दोन वर्षांनी टवका उडाला की तोच निळा कुणाला आठवत नाही.